सहा महिने टोस्टमास्टर्स : पैसे नेमके कशाचे वसूल होतात?

अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशनवर काम करा' असा शेरा आला की माणूस दोनपैकी एक करतो. इंग्रजी संभाषणाचा क्लास लावतो, नाहीतर कुणीतरी सुचवलेल्या टोस्टमास्टर्स क्लबात, म्हणजे सभासद एकमेकांसमोर भाषणाचा सराव करतात अशा मंडळात, पाहुणा म्हणून जाऊन बसतो. क्लासबद्दल इथे काही म्हणायचं नाही. टोस्टमास्टर्सबद्दल म्हणायचं ते हे की तिथे बहुतेक जण भलतीच वस्तू घ्यायला जातात. पाटी भाषणकलेची आहे. खरा माल ऐकण्याचा आहे आणि तो मागच्या फळीवर ठेवलेला असतो. मागितल्याशिवाय कुणी काढून देत नाही.

आधी दुकान समजून घेऊ. राल्फ स्मेडली या गृहस्थांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना इथे, वायएमसीएच्या तळघरात पहिला क्लब भरवला. मेजवानीत वक्त्यांची ओळख करून देणारा आणि कार्यक्रम पुढे नेणारा तो टोस्टमास्टर. नाव तिथून आलं आणि खोडही तिथूनच आली : एकाने उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी बसून ऐकायचं, मधे कुणी तोंड उघडायचं नाही. स्त्रियांना सभासदत्व मिळायला १९७३ साल उजाडलं. आज पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात क्लब आहेत, आयटी कंपन्यांच्या आवारात कंपनीचे आपले क्लब आहेत, मराठीतून चालणारेही काही आहेत. भारतातल्या क्लबांत सगळ्यांच्या नावाआधी 'टीएम', म्हणजे टोस्टमास्टर, लावायची पद्धत आहे, त्यामुळे साहेबही टीएम आणि काल लागलेली ट्रेनीही टीएम. ऐकायला गंमत वाटते, पण 'सर' हा शब्द दोन तास बाजूला राहिला की बोलण्यात किती फरक पडतो ते तिथेच कळतं.

फी डॉलरमध्ये ठरते : सहा महिन्यांचे ६० डॉलर आणि पहिल्यांदा सभासद होताना एकदाच २० डॉलर. त्यावर क्लबाची आपली वर्गणी असू शकते. हॉलचं भाडं, चहा-बिस्किटं त्यातून निघतात. कंपनीच्या क्लबात हा खर्च पुष्कळदा कंपनीच उचलते. पाहुण्याला फी नाही, आणि या सोयीचा लोक पुरेसा फायदा घेत नाहीत.

शिक्षक कुणी नसतो. सभा साधारण दीड ते दोन तास चालते. जेवणाच्या सुट्टीत भरणारी कंपनीतली सभा तासाभरात उरकते. तयार भाषणं, मग टेबल टॉपिक्स म्हणजे आयत्या वेळी हातात आलेल्या विषयावर बोलणं, आणि शेवटी इव्हॅल्युएशन, म्हणजे झालेल्या भाषणांचं तिथल्या तिथे मूल्यमापन. सगळं घड्याळावर. तयार भाषण सहसा ५ ते ७ मिनिटांचं : ५ ला हिरवं कार्ड, ६ ला पिवळं, ७ ला लाल. पहिलं भाषण, ज्याला आइस ब्रेकर म्हणतात, ते ४ ते ६ मिनिटांचं. टेबल टॉपिक्स १ ते २, इव्हॅल्युएशन २ ते ३. वर ३० सेकंद चालवून घेतात; त्यापुढे गेलात की बऱ्याच क्लबांत त्या दिवशीच्या उत्तम वक्त्याच्या मतदानातून नाव कटतं. झूमवर भरणाऱ्या सभेत टायमर कार्डांऐवजी स्वतःच्या मागची पार्श्वभूमीच हिरवी, पिवळी, लाल करतो.

आता हिशोब, जो क्लबात जाणारे क्वचितच करतात. २० सभासदांचा क्लब धरा, महिन्यात दोन सभा, सभेत तीन भाषणं. सहा महिन्यांत १२ सभा आणि ३६ भाषणं. माणशी पुरती दोनही येत नाहीत. आता बाकीची कामं मोजा. तीन इव्हॅल्युएटर, त्यांच्यावर एक जनरल इव्हॅल्युएटर, सभा चालवणारा टीएमओडी, टेबल टॉपिक्स मास्टर, टायमर, भरीचे शब्द मोजणारा ॲह-काउंटर, भाषेकडे लक्ष ठेवणारा ग्रॅमेरियन : सभेला नऊ, सहा महिन्यांत १०८, माणशी पाचाच्या वर. म्हणजे व्यासपीठावर भाषण ठोकायची संधी मिळते त्याच्या तिप्पट वेळा तुम्ही दुसऱ्याचं लक्ष देऊन ऐकायच्या नाहीतर सभा हाकायच्या कामावर असता. हे ज्याला 'भाषणाच्या मधली वाट बघणं' वाटतं, त्याची फी वाया जाते.

त्यातही इव्हॅल्युएटरचं काम सगळ्यात मोलाचं, आणि सगळ्यात जास्त नासवलं जातं तेही तेच. एक नमुना बघा. वक्ता ऑफिसातल्या एका फसलेल्या सॉफ्टवेअर रिलीजबद्दल बोलतोय : "शुक्रवारी रिलीज होतं. गुरुवारी संध्याकाळी कळलं की टेस्टिंगला बिल्डच मिळालेलं नाही. पण एनीवे, शेवटी सगळं छान झालं." भाषण संपतं, टाळ्या पडतात. नेहमीचा इव्हॅल्युएटर उठतो आणि म्हणतो, "आत्मविश्वास उत्तम, आय कॉन्टॅक्ट छान, बॉडी लँग्वेजवर थोडं काम करा, आणि पुन्हा एकदा अभिनंदन." हे त्याने घरून लिहून आणलं असतं तरी चाललं असतं. कुठल्याही भाषणाला बसतं, म्हणजे या भाषणाचं नाही.

ऐकणारा इव्हॅल्युएटर असं बोलतो : "'टेस्टिंगला बिल्डच मिळालेलं नाही' हे वाक्य ३ मिनिटं १० सेकंदांवर आलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मोबाइल खाली ठेवले. लगेच 'पण एनीवे' आलं आणि ते दोघं परत मोबाइलमध्ये गेले. पुढच्या वेळी त्या वाक्यानंतर दोन सेकंद थांबा. आणि बिल्ड का मिळालं नाही ते एका वाक्यात सांगा, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं होतं."

यासाठी प्रतिभा लागत नाही, कागद लागतो. एक ए-फोर उभा दुमडायचा. डाव्या बाजूला वक्त्याचे शब्द जसेच्या तसे आणि शेजारी वेळ. उजव्या बाजूला त्या क्षणी खोलीत काय झालं : कोण हसलं, कोण चुळबुळलं, कुठे शांतता पडली. पहिली चार मिनिटं एकही विशेषण लिहायचं नाही. 'प्रभावी', 'सुंदर', 'कंटाळवाणं' हे तुमचे निकाल झाले. पुरावा अजून गोळा व्हायचाय. भाषण आणि मूल्यमापन यांच्या मधे टेबल टॉपिक्सची पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तेव्हा कागदावरच्या तीन जागांना गोल करायचे : एक ठेवण्यासारखी, जास्तीत जास्त दोन बदलण्यासारख्या. चौथी कितीही मोहाची असली तरी सोडून द्यायची. सहा सूचना ऐकलेला माणूस एकही लावत नाही.

चूक कुठे होते तेही ठरलेलं आहे. साधारण तिसऱ्या मिनिटाला इव्हॅल्युएटर मनातल्या मनात स्वतःचं तीन मिनिटांचं भाषण जुळवायला लागतो. पेन चालू असतं, कान बंद झालेले असतात. ऑफिसच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या आढावा बैठकीत, आपल्या आधी दोघे उरले की आपण नेमकं हेच करतो. क्लबात फरक एवढाच की पकडले जाता : वक्त्याने शेवटच्या मिनिटात सांगितलेली गोष्ट तुम्ही 'हे सांगायला हवं होतं' म्हणून सुचवता आणि हॉलमधे खसखस पिकते. असं एकदा झालं की पुढचे कित्येक महिने माणूस शेवटच्या मिनिटापर्यंत ऐकतो.

संस्थेचा छापील मूल्यमापनाचा फॉर्म चांगला आहे. त्यात तीन रकाने असतात : काय उत्तम जमलं, कशावर काम करता येईल, आणि पुढचं आव्हान म्हणून काय करावं. खाली १ ते ५ गुण. गुणांची गंमत अशी की क्लबात ३ च्या खाली सहसा कुणी येत नाही आणि ५ लग्नातल्या अक्षतांसारखे पडतात. गुणांकडे बघू नका, दुसरा रकाना वाचा. तो रिकामा किंवा गुळमुळीत असेल तर सभेनंतर चहाच्या टेबलाशी इव्हॅल्युएटरला गाठून विचारा, "तुमचं लक्ष कुठे उडालं?" हा प्रश्न 'कसं झालं?' पेक्षा कितीतरी बरा. 'कसं झालं'ला मराठी माणूस 'छान' म्हणूनच उत्तर देतो.

आणि ते सँडविच. आधी स्तुती, मधे सूचना, वर पुन्हा स्तुती ही इथली रूढ पद्धत. नवख्या वक्त्यासाठी ठीक आहे, पाय थरथरत असताना आधार लागतोच. पण हीच सवय ऑफिसात आणली की फसते. टीममधल्या माणसाला दोनदा असं सँडविच दिलं की तिसऱ्यांदा तुम्ही स्तुती सुरू करताच तो 'पण' कधी येतो याची वाट बघत बसतो, स्तुती ऐकतच नाही. उलट बाजूचा गोंधळही तितकाच : काही जण नुसता पाव खाऊन घरी जातात, मधली सूचना त्यांना पोचलेलीच नसते. वन-ऑन-वनमध्ये सरळ क्रम चालतो. काय घडलं, त्याचा परिणाम काय झाला, पुढे काय हवं. "मंगळवारच्या कॉलमधे क्लायंटचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही उत्तर दिलंत. त्यांचा प्रश्न बिलिंगचा होता, उत्तर डिलिव्हरीचं गेलं. पुढच्या कॉलला आधी प्रश्न परत म्हणून दाखवा, मग उत्तर द्या." स्तुती करायची असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळी करावी.

ॲह-काउंटर हे काम हलकं समजून नव्या पोराच्या गळ्यात मारतात. वास्तविक ऐकण्याची पहिली तालीम म्हणून हेच घ्यावं. बोलताना येणारे अनावश्यक भरीचे शब्द मोजायचे. इंग्रजी क्लबात 'अं', 'यू नो', 'सो', 'ॲक्च्युअली'. मराठी क्लबात काम अवघड होतं, कारण 'म्हणजे' कधी नुसती भर असते आणि कधी खरंखुरं उभयान्वयी अव्यय. कसोटी एकच : शब्द काढून वाक्य वाचा, अर्थाला धक्का लागला नाही तर मोजा. 'मी म्हणजे काल म्हणजे गेलो होतो' यातले दोन्ही मोजायचे; 'परवा, म्हणजे सोमवारी' यातलं मोजायचं नाही. 'ते काय म्हणतात', 'असं आहे की', वाक्याच्या शेवटचं 'ना' आणि 'ओके?' यांच्यासाठी वेगवेगळे रकाने पाडा. नुसता आकडा वाचून दाखवू नका, कुठे वाढले ते सांगा. भर बहुधा एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना वाढते. म्हणजे दोष जिभेचा नाही, पुढचा मुद्दा ठरलेला नसतो. त्यावर उपाय तोंड दाबण्याचा नाही. उडीच्या जागी शांत थांबायचं, बस.

ग्रॅमेरियनबद्दल थोडं कडू बोलायला हवं. काम आहे 'आजचा शब्द' देणं आणि कुठे भाषा नेमकी वापरली गेली ते टिपणं. मराठी क्लबात हे पद चुकीच्या हातात पडलं तर 'न' आणि 'ण'ची चौकी बसते. 'पानी' म्हणणाऱ्याला चारचौघांत 'पाणी' करून दाखवलं की तो माणूस पुढच्या सभेला येत नाही, आणि क्लबाने एक चांगला वक्ता गमावलेला असतो. पाहुणे म्हणून गेलात तर ग्रॅमेरियनचा अहवाल कान देऊन ऐका. त्यावरून क्लबाची जात कळते, म्हणजे जातकुळी.

टेबल टॉपिक्स हा सगळ्यात लोकप्रिय भाग, आणि विचार करण्याच्या सवयीच्या दृष्टीने सगळ्यात संशयास्पद. फायदा खरा आहे. मुद्दा, कारण, उदाहरण, पुन्हा मुद्दा हा सांगाडा दहा-बारा वेळा वापरला की मीटिंगमध्ये अचानक नाव पुकारल्यावर पोटात गोळा येत नाही. 'खूप छान प्रश्न विचारलात' या वाक्यात दहा सेकंद घालवण्याऐवजी पहिल्याच वाक्यात बाजू सांगायची सवय लागते. पण इथे बक्षीस अस्खलितपणाला आहे, खरेपणाला नाही. विषयाबद्दल काही ठाऊक नसताना दोन मिनिटं भरून काढली तर टाळ्या. तोच माणूस सोमवारी क्लायंटसमोर डेटा मायग्रेशनला किती दिवस लागतील हे माहीत नसताना दोन मिनिटं सुरेख बोलतो. तिथे बरोबर उत्तर होतं, "तपासून उद्या बारापर्यंत कळवतो." हे चार सेकंदांचं उत्तर आहे, आणि टेबल टॉपिक्समध्ये हिरवं कार्डही न बघता बसावं लागेल. चांगला टॉपिक्स मास्टर यावर तोडगा काढतो : 'या विषयावर तुमचं मत बदलायला कोणती माहिती लागेल?' असे विषय देतो. असा टॉपिक्स मास्टर विरळा.

याच कामाला जोडून पाथवेजमध्ये एक हिरा दडलेला आहे. पाथवेज म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम, पाच पातळ्यांचा. तिसऱ्या पातळीवर ऐच्छिक प्रोजेक्टांत 'ॲक्टिव्ह लिसनिंग' आहे : टॉपिक्स मास्टर व्हायचं आणि प्रत्येक वक्ता बसल्यावर त्याच्या बोलण्यावर थोडक्यात टिप्पणी करायची. म्हणजे पुढचा विषय वाचण्याआधी मागच्याचं ऐकलंय हे दाखवायचं. लोक हा सोडून भाषणाचे चमकदार प्रोजेक्ट घेतात. पहिल्या पातळीवरही असंच होतं. तिथे अभिप्रायावरचा एक प्रोजेक्ट आहे : एक भाषण करा, मिळालेला अभिप्राय लावून दुसरं करा, मग दुसऱ्या कुणाचं मूल्यमापन करा. दुसऱ्या भाषणाला विषय बदलायची मुभा आहे. बदलू नका. विषय तोच ठेवलात तरच काय सुधारलं ते तुम्हालाही कळतं आणि क्लबालाही.

या दुकानात काय मिळत नाही तेही सांगायला हवं. मेजवानीची खोड आठवा. इथे कुणी मधे तोडत नाही, कुणी 'मला पटलं नाही' म्हणत नाही, भाषणानंतर प्रश्नोत्तरं जवळपास नसतात. ऑफिसातलं अर्धं बोलणं याच तीन गोष्टींचं असतं. मतभेद कसा मांडावा, चिडलेल्या क्लायंटला कसं ऐकावं, तिघं एकदम बोलत असताना चौथ्याने कसं शिरावं, यातलं इथे फारसं काही शिकवलं जात नाही. लेखी संवाद तर हद्दीबाहेर. आठ जणांना सीसी केलेला ईमेल कुठल्या ओळीपासून बिघडला हे कुणी सांगणार नाही. आणि एक तोटा हळूहळू दिसतो : वर्षभरानंतर काही जणांना व्यासपीठाचा आवाज लागतो. पाच जणांच्या मीटिंगमध्येही ते 'मित्रहो' म्हणायच्या बेतात असतात.

कंपनीतला क्लब की बाहेरचा? फुकट असला तरी कंपनीतल्या क्लबात तुमचा रिपोर्टिंग मॅनेजर येत असेल तर बाहेरचा घ्या. त्याच्या भाषणाचं मूल्यमापन तुम्ही खरं करणार नाही, आणि तुमची अडखळती भाषणं त्याच्या लक्षात राहतील. शिवाय तासाभराच्या सभेत वेळ संपत आली की कात्री आधी इव्हॅल्युएशनवर चालते. ज्यासाठी यायचं तेच कापलं जातं.

क्लब निवडण्याआधी तीन ठिकाणी पाहुणे म्हणून जा, जमल्यास एकाच क्लबात दोनदा. सभा छापलेल्या वेळेला सुरू होते का ते बघा. इव्हॅल्युएटर वक्त्याचे शब्द उद्धृत करतात का ते मोजा. तिघांपैकी एकानेही केले नाहीत तर उठा. दोन्ही वेळा तेच तीन चेहरे सगळी कामं करत असतील तर क्लब आजारी आहे. व्हीपीईला, म्हणजे भाषणांचं वाटप करणाऱ्या पदाधिकाऱ्याला, विचारा की आज सभासद झालो तर आइस ब्रेकर कधी मिळेल. 'बघू, ग्रुपवर टाकू' हे उत्तर आलं तर सहा आठवडे धरून चाला. रोलची मागणी करताना क्रम असा ठेवा : टायमर, ॲह-काउंटर, मग आइस ब्रेकर, आणि लगेच इव्हॅल्युएटर. बरेच क्लब नव्या माणसाला इव्हॅल्युएटर करायला का-कू करतात. दोन सभा आधी लेखी मागितलंत तर सहसा देतात, कारण या कामाला माणसं कमीच पुढे येतात.

ऑफिसात न्यायचं ते थोडंच आहे. स्टँडअपला माणशी दोन मिनिटं आणि हिरवं-पिवळं-लाल. फोनवरचा टायमर पुरतो, पण तो मॅनेजरच्या हातात देऊ नका, रोज फिरता ठेवा. आढावा बैठकीत बोलायच्या आधी मागच्या माणसाचं शेवटचं वाक्य वहीत लिहायचं आणि त्यावरून सुरुवात करायची. पहिले चार दिवस अवघडल्यासारखं होतं, वेगही मंदावतो. पाचव्या दिवसापासून 'हे मी मगाशीच म्हणालो होतो' कमी ऐकू येतं.

गुण द्यायचेच तर ऐकण्यासाठी पाचपैकी चार, मंचावरची भीती घालवण्यासाठीही चार, आयत्या वेळच्या विचारासाठी अडीच, मतभेद आणि ईमेलसाठी शून्य. नूतनीकरणाच्या तारखा १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. मधेच सभासद झालात तर उरलेल्या महिन्यांपुरतीच फी लागते, म्हणून मुहूर्त बघायची गरज नाही. दुसऱ्यांदा पैसे भरायची वेळ येईल तेव्हा प्रशस्तिपत्रकं नका मोजू, ते उभे दुमडलेले कागद मोजा. तीनपेक्षा कमी निघाले तर व्हीपीईला आधी फोन करा, पैसे मग भरा.